जिभेच्या गाठीतून रक्त थांबेना: एक्स्टर्नल कॅरॉटिड बांधावी का, आणि कशी?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे डॉक्टर परभणी-हिंगोली पट्ट्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात शल्यचिकित्सक आहेत. ५२ वर्षांचा शेतमजूर, वजन ४५ किलो, जिभेचा कर्करोग, वर्षभरापूर्वी रेडिएशन पूर्ण झालेलं, गाठ परत उगवलेली. रात्री दोनला तोंडातून भळाभळा रक्त. पॅक (तोंडात भरलेला गॉज) दाबून धरला की कमी होतं, हात सैल केला की परत सुरू. भूलतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर आहेत, रक्तसाठा केंद्रात दोन पिशव्या आहेत. अँजिओग्राफी करून आतून शीर बंद करण्याची सोय संभाजीनगरला, म्हणजे चार-पाच तासांच्या रस्त्यावर. ते विचारतात: मानेतून एक्स्टर्नल कॅरॉटिड (चेहऱ्याला आणि जिभेला रक्त नेणारी मानेतली धमनी) बांधू का, कशी बांधू, आणि मेंदूला धोका किती?

बांधायची कशी ते पुढे सविस्तर लिहितो. पण या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेत आणि ते तिन्ही सोडवावे लागतात. रक्त येतंय ते एक्स्टर्नल कॅरॉटिडच्या फांदीतूनच येतंय का? रुग्ण टेबलावर टिकेल इतकी श्वासाची आणि रक्ताची तयारी झाली का? आणि बांधून झाल्यावर पुढच्या चार दिवसांची सोय काय? गाठ मारायला मिनिटसुद्धा लागत नाही. या शस्त्रक्रियेतला सगळा धोका चुकीची शीर बांधण्यात आहे, आणि त्याखालोखाल बरोबर शीर बांधून ‘काम झालं’ समजून स्वस्थ बसण्यात आहे.

आधी श्वास. हे रुग्ण रक्त कमी झाल्याने जातात त्यापेक्षा रक्त श्वासनलिकेत उतरल्याने लवकर जातात. त्याला आडवं पाडू नका. बसवा, पुढे वाकवा, तोंड खाली, हातात ट्रे द्या, थुंकू द्या. स्वतःचा श्वास तो स्वतः सांभाळतोय तोपर्यंत गुंगीचं काहीही देऊ नका. रेडिएशननंतर जबडा उघडत नाही, त्यात गुटख्याने आधीच तोंड आखडलेलं असतं, दोन बोटंही जात नाहीत. अशा तोंडातून रक्ताच्या डबक्यात नळी घालण्याचा प्रयत्न एकदा फसला की दुसरी संधी मिळेलच असं नाही. माझा कल सरळ असतो: जागं ठेवून, जागेवर भूल देऊन, अर्धवट बसवूनच ट्रेकिऑस्टॉमी, म्हणजे मानेतून थेट श्वासनलिकेत नळी. नळी फुग्याची, साडेसात किंवा आठ नंबरची. फुलरची धातूची नळी इथे चालत नाही, कारण फुगा नसला की रक्त तिच्या कडेने खाली झिरपत राहतं. फुगा फुगला, श्वास सुरक्षित झाला, की मग त्याला आडवं करा आणि घसा रोलर गॉजने घट्ट भरा. गॉजची टोकं तोंडाबाहेर ठेवून बांधा आणि किती गॉज गेले तो आकडा केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहा. पहाटे पाचला तो कुणाच्या लक्षात राहत नाही.

कितीदा तरी एवढ्यानेच रक्त थांबतं आणि मानेला हात लावायची वेळ येत नाही. म्हणून तोंडातले उपाय मनापासून करा. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या रक्त थांबवणाऱ्या औषधाचं ५०० मिलिग्रॅमचं अँप्यूल गॉजवर ओतून तो गॉज गाठीवर दाबा. एक बोट जिभेच्या मुळावर आणि दुसरा हात हनुवटीखाली, असा दोन्हीकडून दाब पूर्ण दहा मिनिटं घड्याळ लावून द्या, मध्येच उचलून बघू नका. जिभेचा पुढचा भाग शाबूत असेल तर त्यातून एक नंबर सिल्कचा जाड टाका घेऊन जीभ पुढे ओढून धरा, त्यानेही प्रवाह कमी होतो. टाका घ्यायचाच तर गाठीच्या मागे, निरोगी स्नायूत खोल घ्या. कुजलेल्या गाठीत टाका धरत नाही, तो लोण्यातून दोरा जावा तसा निघून येतो आणि नवीन तोंड उघडतं.

हे चालू असताना दुसऱ्या हातांनी रक्ताचं बघायचं. ४५ किलोच्या माणसात एकूण रक्त जेमतेम तीन लिटर. घरातून निघताना चादर भिजली, गाडीत टॉवेल भिजला, इथे ट्रे भरला, म्हणजे तिसरा हिस्सा गेलाच असं धरून चाला. पहिल्या तासाचं हिमोग्लोबिन फसवं असतं, कारण आत उरलेलं रक्त अजून पातळ झालेलं नसतं. ९.५ आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, नाडी बघा, हात-पाय गार आहेत का बघा. १६ नंबरच्या किंवा त्याहून जाड दोन सुया, दोन्ही पिशव्या क्रॉसमॅच करून (रुग्णाच्या रक्ताशी जुळवून) घ्या, नातेवाइकांतले रक्तदाते त्याच वेळी जिल्ह्याच्या रक्तपेढीकडे पळवा. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड एक ग्रॅम दहा मिनिटांत, मग एक ग्रॅम आठ तासांत. सलाईनचा मारा करून वरचा दाब १२० वर नेऊ नका. रक्त सुरू असेपर्यंत ८० ते ९० पुरतो, त्यापुढे नेलात तर धरलेली गुठळी उडते. रुग्णाला पांघरूण घाला, सलाईन कोमट करून लावा, गार पडलेल्या अंगात रक्त गोठत नाही. आणि घरच्यांना एक प्रश्न हमखास विचारा: रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? हृदयासाठी ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल घेणारा किंवा नुकतीच केमो झाल्याने प्लेटलेट उतरलेला रुग्ण असेल, तर मानेत कितीही शिरा बांधल्या तरी गाठ पाझरतच राहील.

आता पहिला प्रश्न: शीर कुठली? सरळ जिभेतून, जिभेच्या मुळातून, हिरडीतून, टाळूतून रक्त येत असेल तर ते लिंग्वल, फेशियल किंवा मॅक्झिलरी या एक्स्टर्नलच्या फांद्यांचं असतं. मानेतून बांधण्याचा फायदा इथेच होतो. पण रेडिएशन झालेल्या मानेवर उघडी जखम असेल, लाळ गळणारं छिद्र असेल आणि रक्त तिथून उसळून येत असेल, तर ती कॉमन (मानेतली मूळ धमनी) किंवा इंटर्नल (तिची मेंदूकडे जाणारी शाखा) कॅरॉटिड फुटल्याची खूण समजा. तिथे एक्स्टर्नल बांधून काहीही साधत नाही. असा रुग्ण बऱ्याचदा आधी सूचना देतो: दोन दिवसांपूर्वी कपभर रक्त आलं आणि आपोआप थांबलं, अशी हकिगत घरचे सांगतात. त्या कपभर रक्तावर ‘थांबलं ना, मग घरी जा’ हे उत्तर कधीच देऊ नये. त्याला त्याच दिवशी मोठ्या केंद्राकडे पाठवायचं असतं.

खाटेवर करता येण्याजोगी एक चाचणी आहे. क्रिकॉइडच्या (कंठाखालच्या कूर्चेच्या) पातळीवर, श्वासनलिका आणि स्टर्नोमास्टॉइड (मानेच्या बाजूचा मोठा स्नायू) यांच्या मधल्या खोबणीत अंगठा ठेवून कॉमन कॅरॉटिड मागे मणक्याच्या आडव्या हाडावर दाबा. काही सेकंदच, एकाच बाजूला, डोळे मॉनिटरवर. तोंडातलं रक्त स्पष्ट कमी झालं तर ते त्या बाजूच्या धमनीचं आहे. काहीच फरक पडला नाही तर तीन शक्यता उरतात: रक्त दुसऱ्या बाजूचं आहे, नीलेचं आहे, किंवा गाठीच्या सगळ्या पृष्ठभागातून झिरपणारं आहे. दोन्ही बाजू एकदम कधीही दाबू नका.

नाकातल्या रक्तासाठी कुणी हे वाचत असेल तर एवढंच लक्षात असू द्या, की नाकाच्या वरच्या भागाला रक्त एथमॉइडल शिरांतून मिळतं आणि त्या इंटर्नलकडून, डोळ्याच्या शिरेवाटे येतात. एक्स्टर्नल बांधूनही ते रक्त चालू राहतं. शिवाय नाकाच्या मागच्या भागासाठी आता दुर्बिणीतून स्फिनोपॅलाटाइन शीर बंद करतात, तो मार्ग कितीतरी सरळ आहे.

तर, बांधावी की पाठवावं? हे परिस्थितीवर आहे, आणि त्यात एक गोष्ट बरेच जण विसरतात. एक्स्टर्नल मुळाशी बांधली की आतून नळी घालून गाठीपर्यंत जाण्याचा रस्ताही आपणच बंद करतो. उद्या संभाजीनगरला रेडिओलॉजिस्ट मांडीतून नळी नेईल ती तुम्ही बांधलेल्या जागेपाशी अडेल, आणि रक्त मात्र दुसऱ्या बाजूच्या शिरांनी फेरा मारून पोहोचत राहील. पुढे कधी दुसरीकडचं मांस आणून जबडा-जीभ नव्याने घडवायची ठरली तर जोडायला लागणाऱ्या फेशियल आणि सुपीरियर थायरॉइड या शिराही याच झाडाच्या. म्हणून पॅक टिकतोय, ट्रेकी झाली आहे, दाब ९० वर आहे आणि रक्त लावलेलं आहे, तर १०८ मध्ये डॉक्टर सोबत देऊन पाठवणं हेच माझ्या मते बरोबर. पॅक असूनही रक्त वाहतंय, दोन पिशव्या संपत आल्या, नाडी १३० च्या खाली येत नाही, तर चार तासांचा रस्ता त्याला झेपणार नाही. त्याला तिथेच उघडा. तुम्ही वर्णन केलेला रुग्ण या दोहोंच्या सीमेवर आहे. ट्रेकी आणि नीट भरलेल्या पॅकनंतर अर्धा तास थांबून तो कुठल्या बाजूला झुकतो ते बघा. हा अर्धा तास वाया जात नाही, तेवढ्यात क्रॉसमॅच होतं.

उघडायचं ठरलं. भूलतज्ज्ञ असले तर पूर्ण भूल ट्रेकीतून द्या. नसतील तर जागेवरच्या भुलीतही हे होतं: ॲड्रिनलिनसह लिग्नोकेन किलोमागे सात मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे ४५ किलोला दोन टक्क्यांचं १५ मिलिलिटर, ते दुप्पट पातळ करून. खांद्याखाली चादरीची गुंडाळी, मान किंचित मागे, तोंड दुसऱ्या बाजूला. फार वळवू नका, जास्त वळवलं की जुगुलर व्हेन (मानेतली मोठी नीला) आणि स्टर्नोमास्टॉइड कॅरॉटिडवर सरकतात आणि ओळखीच्या जागा हरवतात. डोक्याकडची बाजू १५ अंश वर. एक डोळा जुगुलरवर असू द्या. ती फाटली आणि डोकं वर असेल तर हवा आत ओढली जाते. तसं झालं तर बोट दाबून धरा आणि टेबल लगेच डोक्याकडून खाली करा.

छेद मी स्टर्नोमास्टॉइडच्या पुढच्या कडेला तिरका घेतो, जबड्याच्या कोनाखाली दोन बोटं सोडून खाली सात-आठ सेंटिमीटर. आडव्या वळीतला छेद दिसायला चांगला, पण आणीबाणीत तिरका वर-खाली वाढवता येतो. दोन बोटं सोडायची ती खालच्या ओठाच्या मज्जातंतूसाठी. प्लॅटिझ्मा (त्वचेखालचा पातळ स्नायू) कापा, स्टर्नोमास्टॉइड मागे ओढा. आता समोर एक आडवी नीला जुगुलरकडे जाताना दिसेल, ती कॉमन फेशियल व्हेन. ही तुमची पाटी आहे: कॉमन कॅरॉटिडच्या एक्स्टर्नल आणि इंटर्नल अशा दोन शाखा होतात तो फाटा हिच्याखालीच असतो. दोन्हीकडे सिल्क बांधून कापा. घाईत नुसता क्लिप लावून सोडली तर जुगुलरच्या तोंडाशी सुटते.

आता सगळ्यात मोठा मोह होतो: वर सरळ एक्स्टर्नलच्या जागी घुसायचा. तो टाळा. आधी खाली कॉमन कॅरॉटिड शोधा, तिच्याभोवती एक पट्टी फिरवा. व्हेसल लूप नसेल तर लहान मुलांची सहा नंबरची फीडिंग ट्यूब कापून चालते. पट्टी ओढलेली ठेवायची नाही, सैल असू द्यायची. वर काही फाटलं तर ती ओढून रक्त रोखता येतं, एवढ्यासाठीच ती. जुगुलर बाहेरच्या बाजूला, कॅरॉटिड आतल्या बाजूला आणि दोघींच्या मागे खोबणीत व्हेगस मज्जातंतू. कॉमन कॅरॉटिड धरून वर सरकत गेलं की थायरॉइड कूर्चेच्या वरच्या कडेच्या आसपास फाटा लागतो. कुणात तो हायॉइडपर्यंत (जिभेच्या मुळाशी असलेल्या हाडापर्यंत) वर असतो.

फाट्याशी हात हलका. इथे दाबाचा समतोल सांभाळणारी कॅरॉटिड सायनस आहे. खेचाखेच केली की नाडी ४० वर येते, दाब कोसळतो, आणि आधीच रक्त गेलेल्या माणसात भूलतज्ज्ञाला वाटतं अजून कुठेतरी रक्त जातंय. असं झालं तर हात काढा, थांबा. नाडी वर येत नसेल तर ॲट्रोपिन ०.६ मिलिग्रॅम शिरेतून. मग फाट्याच्या बेचक्यात साधं लिग्नोकेन एक-दोन मिलिलिटर अगदी बारीक सुईने सोडा आणि दोन मिनिटांनी पुढे चला.

आता ओळख. नावांवर जाऊ नका: एक्स्टर्नल म्हणजे बाहेरची हे शब्दात आहे, मानेत मात्र सुरुवातीला ती आतल्या आणि पुढच्या बाजूला असते, आणि इंटर्नल बाहेरच्या आणि मागच्या. रात्रीच्या घाईत अनुभवी हातसुद्धा इथेच चुकतात. जाडीवरूनही ठरवू नका, दाब पडलेल्या माणसात दोन्ही आकसलेल्या असतात. विश्वासाची खूण एकच: इंटर्नलला मानेत एकही फांदी नसते, एक्स्टर्नलला असतात. आणि फांद्या किमान दोन दिसल्याशिवाय गाठ मारायची नाही. एक का पुरत नाही? कारण पहिली फांदी, सुपीरियर थायरॉइड, कधीकधी फाट्यातूनच किंवा खाली कॉमन कॅरॉटिडमधून निघते. तेवढी एकच बघून तुम्ही ‘हीच एक्स्टर्नल’ म्हणालात तर बांधली जाते ती कॉमन. दुसरी फांदी, म्हणजे हायॉइडच्या मोठ्या शिंगाच्या पातळीवर पुढे वळणारी लिंग्वल, दिसली की मग शंका उरत नाही. काहींत लिंग्वल आणि फेशियल एकाच बुंध्यातून निघतात, ते चालतं.

वर जाताना डायगॅस्ट्रिक स्नायूच्या मागच्या पोटाखाली एक पांढरी चपटी दोरी दोन्ही कॅरॉटिडवरून आडवी जाते, ती हायपोग्लॉसल, जीभ हलवणारा मज्जातंतू. तिच्याभोवती बारीक नीलांचं जाळं असतं, ते हमखास रक्त काढतं, आणि तिथे आंधळा क्लिप लागला की अर्धी जीभ कायमची लुळी. गॉज दाबून धरा, दोन मिनिटांत थांबतं. आपलं काम त्या दोरीच्या खालीच आहे. शिरेच्या मागून सुपीरियर लॅरिंजियल मज्जातंतू जातो, म्हणून राइट अँगल फोर्सेप शिरेच्या भिंतीला घासूनच फिरवायचा. बेचक्यातून आत घालून पुढे-आतल्या बाजूला काढला की टोक इंटर्नलपासून दूर राहतं. टोक दिसल्याशिवाय उघडू नका. मागच्या बाजूने असेंडिंग फॅरिंजियल नावाची बारीक फांदी निघते, ती दिसत नाही आणि घाईत फाटते.

आता बांधण्याआधी चाचणी. एक्स्टर्नलवर बुलडॉग (शीर तात्पुरती बंद करणारा चिमटा) लावा किंवा नुसती पट्टी ओढून धरा. भूलतज्ज्ञाला कानाच्या पुढची टेम्पोरल नाडी बघायला सांगा, ती गेली पाहिजे. पण ती आधी लागत होती का, हे तपासून ठेवलेलं असलं तरच या चाचणीला अर्थ आहे. दाब ६० असताना ती तशीही लागत नाही. हातातला डॉपलर (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र) असेल तर उत्तम. मग तोंडातला पॅक जरा सैल करून रक्त बघा. नाडी गेली आणि रक्त कमी झालं, तर जागा बरोबर. नाडी गेली पण रक्त तसंच असेल तर कर्करोगाची गाठ जिभेची मधली रेषा ओलांडून गेली आहे, दुसऱ्या बाजूचाही विचार करावा लागेल.

जिभेसाठी दोऱ्याची गाठ सुपीरियर थायरॉइडच्या वर आणि लिंग्वलच्या खाली. फाट्याला अगदी चिकटून का नाही? तिथे बांधली की उरलेल्या आंधळ्या टोकात रक्त साचून गोठतं, आणि ती गुठळी शेजारी इंटर्नलमध्ये उतरली की मेंदूत जाते. थायरॉइडची फांदी खाली चालू राहिली तर टोकातलं रक्त हलतं राहतं. दोन-शून्य सिल्कच्या दोन गाठी, मध्ये पाच मिलिमीटर अंतर, शीर कापायची नाही. पहिली गाठ भिंती एकमेकींना टेकतील एवढीच आवळा. रेडिएशन झालेली किंवा चुना बसलेली भिंत जोर लावला की अंड्याच्या कवचासारखी चरकते. बोटांना ती चरचर जाणवते. तशी भिंत असेल तर जरा वर-खाली मऊ जागा शोधा. झाल्यावर त्यावर स्नायूचा तुकडा येईल असं बंद करा, खाली ड्रेन ठेवा.

रुग्ण स्थिर असेल आणि लिंग्वल स्वच्छ दिसत असेल तर नुसती तीच बांधणं अधिक चांगलं, असं माझं स्पष्ट मत आहे. जखमेच्या जितकं जवळ बांधाल तितका फेरा मारून येणाऱ्या रक्ताला वाव कमी, आणि बाकीचं झाड शाबूत राहतं. पण रेडिएशनने सगळं दगडासारखं झालेल्या मानेत लिंग्वल सोडवत बसण्यापेक्षा मुळाशी बांधून बाहेर पडणं शहाणपणाचं. दोन्ही बाजू बांधल्या तरी चेहरा सहसा जगतो, कारण व्हर्टेब्रल, थायरोसर्व्हायकल आणि डोळ्याकडच्या शिरांची जोडणी दांडगी आहे. मात्र रेडिएशन झालेली जीभ दोन्हीकडून उपाशी ठेवली तर काळी पडून गळू शकते.

मेंदूचं काय? घरचे हेच विचारतात: “साहेब, मेंदूचं रक्त तर बंद होणार नाही ना? लकवा तर मारणार नाही?” एक्स्टर्नल चेहऱ्याची आणि टाळूची शीर आहे. ती बरोबर ओळखून बांधली तर लकवा क्वचित येतो. अपवाद एक, आणि तो विचारून घ्यायचा: आधी लकवा येऊन गेलाय का? त्याच बाजूची इंटर्नल पूर्वीच बंद पडलेली असेल तर मेंदूला डोळ्याच्या वाटेने एक्स्टर्नलच रक्त पुरवत असते, आणि मग ती बांधणं महागात पडतं. कॉमन किंवा इंटर्नल बांधणं ही मात्र पूर्ण वेगळी गोष्ट. १७९८ मध्ये लंडनला जॉन ॲबरनेथी यांनी गाईच्या शिंगाने मान फाटलेल्या माणसाची कॉमन कॅरॉटिड बांधली. रक्त थांबलं, पण अर्धांग होऊन तो गेला. १८०३ मध्ये ‘टोनंट’ या जहाजावर डेव्हिड फ्लेमिंग यांनी तीच शीर बांधली आणि रुग्ण वाचला. दोन्ही निकाल आजही तितकेच खरे आहेत, कारण ते दुसऱ्या बाजूने मेंदूला किती रक्त येतं यावर ठरतात, आणि ते आपल्याला रात्री दोनला कळत नाही. म्हणून आपल्याकडे बैलाचं शिंग, उसाचा कोयता किंवा संक्रांतीला नायलॉन मांजा लागून कॉमन वा इंटर्नल कापली असेल तर जमेल तिथवर शिवायची, बांधायची नाही. बांधण्यावाचून इलाज नसेल तर आधी रक्त देऊन दाब वर आणायचा आणि मग बांधायची. दाब ७० असताना बांधलेली इंटर्नल मेंदूला दुहेरी उपाशी ठेवते.

संमती घेताना मी असं सांगतो: “गाठीतून रक्त येतंय. तिला रक्त नेणारी मानेतली नळी बांधतोय. मेंदूची नळी वेगळी आहे, तिला हात लावणार नाही, तरी हजारात क्वचित लकव्याचा धोका राहतो. यानं गाठ बरी होणार नाही, आजचं रक्त थांबेल.” शेवटचं वाक्य गाळू नका. गाठ परत उगवलेली, फुप्फुसात पसरलेली, माणूस महिनाभर अंथरुणावर आणि पाण्याचा घोटही उतरत नाही, अशा वेळी घरातला मोठा मुलगा किंवा रुग्ण स्वतः “आता कापाकापी नको” म्हणाला, तर त्याचा मान ठेवायचा. तेव्हाही करण्यासारखं पुष्कळ असतं: हिरवी किंवा गडद चादर-टॉवेल, म्हणजे रक्त उठून दिसत नाही, कुशीवर वळवणं, मिडाझोलाम (गुंगीचं औषध) पाच ते दहा मिलिग्रॅम शिरेतून, आणि घरच्यांपैकी कुणाचा तरी हात त्याच्या हातात. हेही उपचारच आहेत, आणि ते करताना डॉक्टर खोलीत हवा.

बांधून झालं की पुढचे दिवस. फेरा मारून येणारे मार्ग काही दिवसांत रुंदावतात आणि गाठ तशीच आहे, म्हणजे रक्त परत येऊ शकतं. पॅक २४ ते ४८ तासांनी काढायचा, तोही शस्त्रक्रियागृहात, सक्शन आणि हेडलाइट तयार ठेवून, वॉर्डात कधीच नाही. रायल्स ट्यूबने (नाकातून पोटात घालायच्या नळीने) पोटातलं गिळलेलं रक्त काढा, नाहीतर उलटी होऊन पॅक हलतो. दुसऱ्या दिवशी शौच काळं आलं तर घाबरू नका, ते गिळलेलंच असतं. शुद्धीवर आल्यावर दोन्ही मुठी आवळायला सांगा, जीभ बाहेर काढायला सांगा, चेहरा वाकडा दिसतो का बघा, आणि हे वेळेसह लिहून ठेवा. मान फुगायला लागली तर टाके तिथेच उघडायचे, रक्ताची गुठळी ट्रेकीच्या नळीला दाबते. हिमोग्लोबिन दर सहा तासांनी.

आणि रुग्ण स्थिर झाला की दोन-तीन दिवसांत मोठ्या केंद्राकडे: सीटी अँजिओ, उरलेल्या शिरा आतून बंद करणं, अर्बुदतज्ज्ञांचं मत. सोबतच्या चिठ्ठीत ‘कॅरॉटिड लायगेशन केलं’ एवढंच लिहू नका. त्यावरून पुढच्याला काहीच कळत नाही. लिहा: उजवी एक्स्टर्नल कॅरॉटिड, सुपीरियर थायरॉइडच्या वर, लिंग्वलच्या खाली, दोन-शून्य सिल्कच्या दोन गाठी, शीर कापलेली नाही, लिंग्वल आणि फेशियल दोन्ही पाहिल्या, बांधल्यावर टेम्पोरल नाडी गेली, कॉमन कॅरॉटिडवर पट्टी ठेवलेली नाही, तोंडात अमुक इतके गॉज, किती पिशव्या रक्त दिलं, ट्रेकीच्या नळीचा नंबर आणि तारीख. ही चिठ्ठी रुग्णवाहिकेच्या फाइलमध्ये ठेवा, आणि एक प्रत नातेवाइकाच्या खिशात.